तपासतेय की तपासलाय?

“आय केम, आय केम!” जिना चढता चढता मी फोनवर ओरडले.

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली होती आणि आत कुणीतरी अडकलं होतं. मी लिफ्ट दुरुस्त करणारी, आणि आमच्या कंपनीचा हुकूमच होता, गिऱ्हाइकाशी इंग्रजीतच बोलायचं. मराठीत आपण ‘आलेच’ म्हणतो ना, तेच मी उचलून इंग्रजीत टाकलं.

“आलात?” लिफ्टमधल्या फोनवरून शांत आवाज आला. “मग दिसत का नाही?”

“अहो, येतेय!”

“मग ‘आय ॲम कमिंग’ म्हणा. ‘आय केम’ म्हणजे येऊन झालं, विषय संपला.”

घ्या! स्वतः अधांतरी लटकलाय, आणि मला व्याकरण शिकवतोय! “मग बसा तसेच,” मी म्हटलं, “मला काही घाई नाही.”

“नको, नको... ‘आय केम’ चालेल.”

दार सरकवलं, तर नाकासमोर आधी बूट दिसले, मग खडूने पांढरी झालेली पँट. तो खाली वाकला तेव्हा चष्म्यामागचे डोळे दिसले. बरे होते डोळे. बरे म्हणजे... चांगलेच होते. मी हात दिला, त्याने उडी मारली, आणि माझ्या हाताचं ग्रीस त्याच्या शर्टाला लागलं.

वरच्या मजल्यावर इंग्रजीचे क्लास घेणारा मास्तर निघाला तो. माझ्या डोक्यात लगेच चक्र फिरलं.

“शर्ट मी धुऊन देते, मास्तर. त्या बदल्यात मला इंग्रजी शिकवा.”

“एका शर्टात?”

“डाग ग्रीसचा आहे. निघायला वेळ लागेल.”

तो हसला. हसताना मान थोडी कलती करायचा... पण ते जाऊ दे. मला इन्चार्ज व्हायचं होतं, आणि व्हायचंच होतं. जागा दुसऱ्या शहरात होती, परीक्षा तोंडी, फोनवर, इंग्रजीत. मागच्या खेपेला साहेबांनी विचारलं होतं, ब्रेकचं काय? मी झोकात सांगितलं, ‘आय ॲम चेकिंग द ब्रेक.’ ते बिचारे माझं तपासणं संपायची वाट बघत बसले, आणि मी त्यांच्या पुढच्या प्रश्नाची. वेळ संपली आणि मी नापास.

हे सगळं मास्तरला सांगितलं. दुसऱ्या शहराचंही सांगितलं. चष्मा पुसत तो म्हणाला, “करू या पास.”

जेवणाच्या सुट्टीत तो गच्चीवरच्या मशीनरूममध्ये यायचा. मोटरच्या आवाजात जवळ उभं राहूनच बोलावं लागायचं. आता त्याला माझा काय इलाज!

“खालून कुणी विचारलं, वीज सोडू का? काय सांगाल?”

“थांब, ब्रेक तपासतेय. हात आहे माझा आत!”

“ते ‘आय ॲम चेकिंग’. हात काढला, झाकण लावलं. आता?”

“तपासलाय. सोड.”

“ते ‘आय हॅव चेक्ड’. काम झालंय, आणि त्याच्या भरवशावर पुढचं करता येतं. मराठीत कधी चुकलात का यात?”

“चुकले असते तर हात राहिला असता का?”

“मग इंग्रजीतही हाताची आठवण ठेवा. आणि ‘आय चेक’ म्हणजे रोजचं. सवयीचं.”

एकदा मी शब्द आठवत होते आणि तो एकटक बघत होता. मी भुवई उडवली. “मास्तर, तुम्ही माझ्याकडे बघताय.”

“बघतोय नाही...” त्याचे कान लाल झाले. “बघतो.”

त्या दिवशी माझं पुढचं एकही वाक्य धड झालं नाही.

घरी दोरीवर तो शर्ट बघून आईने विचारलं, “हा कुणाचा गं?”

“मास्तरांचा.”

“आणि धुतेस तू?”

“फी आहे ती.”

“चांगली फी आहे हो,” आई म्हणाली आणि तोंडाला पदर लावून आत गेली.

परीक्षेच्या दिवशी फोन आला. साहेबांनी ब्रेकचं विचारलं. “आय हॅव चेक्ड इट. यू कॅन स्टार्ट द लिफ्ट.” मग विचारलं, इथे किती वर्षं? जिभेवर ‘आय ॲम वर्किंग’च आलं होतं, कारण मराठीत आपण सात वर्षं काम ‘करतेय’च म्हणतो. दातांखाली जीभ दाबली आणि म्हटलं, “आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर सेव्हन इयर्स.” पलीकडून ‘गुड’ ऐकू आलं. मी पास झाले! इन्चार्ज झाले!

दोन-दोन पायऱ्या चढत मी त्याच्या वर्गात गेले. मुलं गेली होती, तो फळा पुसत होता.

“वा! अभिनंदन...” तो म्हणाला, आणि पुसलेलाच फळा परत पुसू लागला. “कधी निघणार?”

“सोमवारी.”

“एक सांगू? रागावणार नसाल तर... मध्ये एकदा वाटलं, मुद्दाम चुकीचं शिकवावं. ‘हॅव’च्या जागी ‘ॲम’. म्हणजे तुम्ही नापास व्हाल, इथेच राहाल.”

“मग?”

“नाही जमलं. तुम्हाला किती हवी होती ती जागा, ते रोज बघत होतो.”

माझे डोळे भरून आले. इतके दिवस मी परीक्षेचाच ध्यास धरला होता, आणि हा माणूस आपल्याच हाताने मला लांब पाठवायची तयारी करत होता! मी त्याच्या हातातून डस्टर काढून घेतला.

“ऐका, मास्तर. मी जाणार. ही जागा मी मिळवलीय, ती सोडणार नाही. आणि तुम्हालाही सोडणार नाही. तुम्ही मला आवडता. खूप आवडता. इंग्रजी काय, तिथेही सगळ्यांचं कच्चंच असणार. क्लास तिथे काढा. येणार की नाही, एवढंच सांगा.”

“येणार,” तो एका दमात म्हणाला. मग काहीतरी सुंदर बोलायला म्हणून त्याने श्वास घेतला, आणि... “आय... आय ॲम लव्हिंग यू.”

मी बघतच राहिले. “मास्तर! ‘लव्ह’ला कुणी ‘आयएनजी’ लावतं का?”

“नाही लावत.” तो हसत होता, डोळे मात्र ओले होते. “जन्मभर मुलांच्या पेपरात लाल पेनाने खोडत आलोय.”

“मग हेही खोडा.”

त्याने माझा हात हातात घेतला.

“नाही खोडणार,” तो म्हणाला.