मोजे घातलेलं टेबल

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या पायांत लोकरी मोजे होते, त्याच्या टेबलाच्या चारही पायांत तसेच मोजे होते, आणि तो दार अर्धवट उघडून श्वास रोखून उभा होता.

मी खालचा फ्लॅट घ्यायला निघाले होते. दोनदा पाहून झाला, दोन्ही वेळा वरून हूं की चूं नाही. समोरच्या आजोबांना विचारलं, तर ते ठासून म्हणाले, "इमारत अगदी शांत. माझी कधीच तक्रार नाही. थांब, मशीन कानात घालून येतो, मग काय ते नीट विचार."

कान तपासणं हाच माझा व्यवसाय. माणसाला बंद खोलीत बसवायचं आणि सांगायचं, आवाज आला की बोट वर करा, कितीही बारीक असला तरी. आजोबाही कधीकाळी माझ्यापुढे बोट वर करून गेले होते. राहत्या घराखाली एवढी शांतता नसते हे मला कळत होतं. म्हणून तिसऱ्यांदा न सांगता आले आणि थेट वरची बेल वाजवली.

"कुणी आजारी आहे का घरात?" मी विचारलं.

"नाही... मावशी," तो कुजबुजला.

"मावशी आजारी आहेत?"

"मावशी खालच्या फ्लॅटची मालकीण आहे. तो विकून तिला लेकीजवळ राहायला जायचंय. माझ्या पावलांपायी दोन गिऱ्हाइकं पळाली. तेव्हापासून कुणी बघायला आलं की मी हलायचं नाही, असं ठरलंय." त्याने टेबलाकडे पाहिलं. "मोजे तिनेच विणले. टेबलाला बरोबर बसलेत, मला घट्ट होतात."

"तुम्ही काय करता?"

"शाळेत पीटी शिकवतो." हे तो इतकं हळू म्हणाला, की मला त्याच्या ओठांकडे बघावं लागलं... कामाची सवय म्हणून.

"आणि हे सगळं मला कशाला सांगितलंत?"

"तुमची झोप झालेली दिसत नाही. अशा माणसाला फसवणं बरं नाही."

बाबांच्या आजारपणात वर्षभर मी शेजारच्या खोलीत एक कान उघडा ठेवून झोपले. ते खोकले, त्यांनी कूस बदलली, पेल्याला हात लागला, की मी उठायची. मग बाबा गेले. कान तसेच राहिले. अजूनही कुठे खुट्ट झालं की माझे पाय आधी चपलांत जातात, आठवतं नंतर. मला अशी जागा हवी होती, जिथे उठवणारं काही नसेल.

यातलं मी त्याला काही सांगितलं नाही. फक्त त्याचा फोन नंबर घेतला.

"मी खाली जाऊन बसते. तुम्ही मोजे काढा आणि रोजच्यासारखे वागा. पुरे झालं की फोन करते."

रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून बसले आणि वर धप्प झालं. ती गिऱ्हाइकं उगाच पळाली नव्हती. पावलं स्वयंपाकघराकडे गेली, परत आली. खुर्ची किंचाळत सरकली. एक झाकण पडलं, बराच वेळ गरगरत राहिलं — मग त्यावर पाय ठेवला गेला असावा. पाठोपाठ तोंडाने शिट्टी, सुराशी जुनं भांडण असलेली. मी मनात नोंदी घेत होते. पावलं, जड. खुर्ची, असह्य. शिट्टी...

जाग आली तेव्हा मी फरशीवर आडवी होते आणि ऊन खिडकीतून निघून गेलं होतं. वर धपधप चालूच होतं. मी फोन लावला.

"अहो, थांबा."

"झालं?" त्याला धाप लागली होती. "फोन येईपर्यंत चालायचं ठरलं होतं ना. मध्ये एकदा पाणी प्यायलो. तेही आवाज करून."

त्या झोपेचा मी पुढे पुष्कळ विचार केला. वर्षभर घरात जागी मी होते. त्या दुपारी दुसरं कुणीतरी जागं होतं.

मी फ्लॅट घेतला. किल्ली देताना मावशींचा हात अडखळला. "अगं, वर माझा भाचा राहतो, ठाऊक आहे ना?"

"ऐकलंय," मी म्हणाले.

राहायला आल्यावर मी खरंच झोपू लागले. आणि मग एका संध्याकाळी वरचा आवाज बंद झाला. तो जिना चढून गेल्याचं मी ऐकलं होतं. त्यानंतर काही नाही. पुस्तकाचं तेच पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. शेवटी उठून झाडूचा दांडा छतावर ठोकला.

तो खाली आला. पायांत मोजे.

"काही तक्रार?" तो कुजबुजला.

"आहे. आवाज येत नाही."

"मावशीचा फोन होता... आता तरी त्या मुलीला झोपू दे, म्हणाली."

"मावशींना सांगा, फ्लॅट मी आवाजासकट घेतलाय. नाहीतर परत करीन."

तो मोज्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एक बारीक आवाज काढू? ऐकू येतो का बघा."

मी मान हलवली. त्याचे ओठ जेमतेम हलले.

"तू मला फार आवडतेस."

मी बोट वर केलं.

"नक्की आला?"

"पहिल्यांदा लोक अंदाजानेही बोट वर करतात," मी म्हणाले. "खात्रीसाठी पुन्हा काढावा लागतो."

त्याने छाती भरून श्वास घेतला, आणि आपण मैदानावर नाही हे साफ विसरला. खिडकीच्या काचा थरथरल्या. समोरचं दार उघडलं. उंबऱ्यात आजोबा उभे होते. कानात मशीन नव्हतं, आणि बोट वर होतं.