श्वासपात्रावरचा बाण

कोटाच्या डाव्या बाहीवरचा गुलाबी डाग धोब्याने याही खेपेला काढला नव्हता, म्हणून डॉ. उल्का बेडेकर सकाळपासून तापलेल्याच होत्या. त्यात दोन महिन्यांनी प्रयोगशाळेतलं उबेचं बंद कपाट उघडताच त्यांना दिसलं, की श्वासपात्रावरचा बाण गायब आहे.

"बाण कुठाय?"

त्यांच्या आवाजाने मिरजेच्या त्या संशोधन केंद्रातली काचेची भांडीही दचकत, असं म्हणत. मदतनीस साहेबराव कोरडंच टेबल पुसू लागला. इरफान मुलाणी आणि नीलांबरी कोरे या दोघा संशोधकांनी संगणकात डोकी खुपसली.

श्वासपात्र म्हणजे हातभर उंचीचं बंद पोलादी नळकांडं. त्याच्या पोटात सुगंधा लाटकरांची नवी श्वासनलिका वाढत होती. सुगंधाबाई सांगलीच्या हळदबाजारात सौद्याची बोली पुकारायच्या. एका आजारपणात त्यांच्या घशात महिनाभर नळी राहिली आणि श्वासनलिका आतून आकसून गेली. आता गळ्याला भोक होतं. त्यावर बोट दाबलं तरच शब्द फुटे. ऑपरेशन उद्यावर आलं होतं, आणि 'माझी नळी बघू तरी' म्हणून त्या आज येऊन बसल्या होत्या.

"बाण पुसला तर एवढं काय बिघडलं?" त्यांनी बोट दाबून विचारलं.

"अहो, नळी म्हणजे नुसता पाइप नव्हे," उल्काताई वैतागून म्हणाल्या. "दात्याच्या श्वासनलिकेतल्या पेशी धुऊन काढल्या, नुसता सांगाडा ठेवला आणि त्यावर तुमच्या पेशी पेरल्या. त्या पेशींना बारीक केस येतात, झाडूरोम. ते दिवसरात्र कफ वर झाडत राहतात."

"पण झाडायचं कुठल्या बाजूला, हे त्यांना शिकावं लागतं," इरफानने हळूच जोड दिली. "वाढताना ज्या दिशेने प्रवाह वाहतो, ती दिशा ते धरतात. आपल्या पात्रात द्रव खालून वर वाहतो. महिनाभरात दिशा पक्की होते, मग बदलत नाही. पात्राची दोन्ही तोंडं सारखीच, म्हणून वरची बाजू कळायला पेनने बाण काढला होता."

"आणि पात्र उलटं बसलं असलं तर?"

"तर कफ वर यायचा सोडून फुफ्फुसात जाईल."

"मग नळीच उलटी शिवा की."

"नळीचं वरचं तोंड तुमच्या कंठाच्या मापाने घडवलंय. उलटं बसणार नाही."

"मग उघडून बघा."

"उघडल्यावर नळी जेमतेम तासभर जगते, आणि तुमची जुनी नळी कापून काढायला चार तास लागतात," उल्काताई म्हणाल्या. "म्हणजे आधी तुमचा गळा उघडायचा, मग पात्र. तोवर माघार घ्यायला जागा उरत नाही. नवा दाता मिळवून नवी नळी वाढवायला पाच महिने लागतील. दोन न्यूमोनिया झालेल्या छातीकडे मी पाच महिने कुठल्या तोंडाने मागू?"

सुगंधाबाईंनी गळ्यावरचं बोट काढलं.

उल्काताई सहकाऱ्यांकडे वळल्या. "पात्राला हात कोणी लावला?"

साहेबराव पुढे आला. "मॅडम, खंडेनवमीला समद्या यंत्रांची पूजा केली. पुसायला म्हणून पात्र काढलं. ठेवून वरच्या टोकाला कुंकू लावलं. लावल्यावर बघतोय तर बाण खाली. पूजलेलं हलवू नये, म्हणून तसंच ठेवलं."

खंडेनवमीला पेरणी होऊन चारच दिवस झाले होते. पेशी अजून काहीच शिकल्या नव्हत्या.

"मी दुपारी पाहिलं आणि सरळ केलं," इरफान म्हणाला.

नीलांबरीचा चेहरा पडला. "तुम्ही सरळ केलं होतं? साहेबरावांनी उलटं ठेवलेलं मी पूजेच्या वेळी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर कुंकूही नाही, बाणही नाही. मला वाटलं, अजून उलटंच असेल. मी फिरवलं."

"आणि मला एकानेही सांगितलं नाही?"

"ओरडला असता," तिघे जवळजवळ एकदमच म्हणाले.

उल्काताई खरंच ओरडल्या. या लोकांपुढे कपाळ फोडून घ्यावं असं त्यांना वाटलं. तीनदा फिरवलं, म्हणजे पात्र उलटं. सव्वादोन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली होती. ऑपरेशन रद्द करायला त्यांनी फोन उचलला.

"थांबा," सुगंधाबाईंनी बोट दाबलं. "सौद्यात बोली लावणारा एक हात कमी भरला तर मी बोली मोडत नाही, तो हात शोधते. कुंकू यानं लावलं. मग पुसलं कुणी?"

तिघांनी माना हलवल्या. मग तिघांच्याही नजरा एकाच जागी गेल्या. उल्काताईंनीही खाली पाहिलं. डाव्या बाहीवर धोब्याला शिव्या खायला लावणारा तो गुलाबी डाग होता.

त्यांना आठवलं. खंडेनवमीच्या संध्याकाळी 'ही काय देवळातली समई आहे का' असं एकटीच पुटपुटत त्यांनी स्पिरिटचा बोळा घेतला होता. गप्प बसणं सोपं होतं. तिघांनी चूक कबूल केलीच होती, चौथीची गरज कुणाला? मात्र मग ही नळी मोरीत गेली असती. उल्काताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी पुसलं," त्या म्हणाल्या. "कुंकू खालच्या टोकाला होतं. पुसायला पात्र फिरवून ते टोक वर घेतलं आणि डाव्या हाताने धरलं. स्पिरिटने बाणही गेला, ते माझ्या लक्षातच आलं नाही. ओलं टोक खाली ठेवलं तर पात्राखालच्या पंपावर स्पिरिट गळेल, म्हणून तसंच बसवलं. म्हणजे उलटं."

"आणि नीलांबरीने सकाळी सरळ केलं," इरफान म्हणाला.

"चार," सुगंधाबाई म्हणाल्या. "भरले हात."

"आठवणीवर विसंबून गळा कापायचा का, हे तुम्हीच सांगा," उल्काताईंचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

"तुमच्यासारखी बाई स्वतःची चूक उगाच कशाला काढील? कापा."

दुसऱ्या दिवशी आधी गळा उघडला, चार तासांनी पात्र. कंठाच्या मापाचं तोंड वरच होतं. बाराव्या दिवशी सुगंधाबाई जोरात खाकरल्या आणि कफ वर आला. बोट न लावता त्या म्हणाल्या, "बाई, आता ओरडायला मी पण आहे."

त्याच दुपारी साहेबराव दारात येऊन उभा राहिला. "मॅडम, द्रवाची बरणी फुटली. माझ्याच हातनं."

महागाची बरणी होती. उल्काताईंनी तोंड उघडलं, मिटलं, काय ओरडायचं ते मनातल्या मनात ओरडून घेतलं आणि बाहीवरच्या डागाकडे बघत विचारलं, "हाताला लागलं नाही ना?"