उसना घास

सानगडीच्या यादोरावांची चांदी गाय सकाळपासून रवंथ करत नव्हती. भाताचं तणस हुंगून तिनं तोंड फिरवलं होतं. डावी कूस फुगून घट्ट झाली होती. यादोरावांनी कुशीला कान लावला. एरवी खडकावरून बैलगाडी जावी तशी आत गडगड चाले. आज काहीच नव्हतं.

गाय म्हातारी, त्यात दिवस भरत आलेले. आजोबांच्या गाईपासून चालत आलेल्या वंशातली ही एकच उरलेली. पोटातलं वासरू जगलं तर वंश पुढं, नाहीतर खुंटा रिकामा.

"दुसऱ्या जनावराचा घास घालून पाहा ना जी," त्यांच्या पत्नी ललिताबाई म्हणाल्या.

हा जुना उपाय. धडधाकट जनावर रवंथ करत असलं की त्याच्या तोंडातला घास ओढून काढायचा, मीठ-गूळ लावून आजारी जनावराच्या जिभेमागं सारायचा. बंद पडलेलं पोट चालू होतं. घास मात्र त्याच चाऱ्यावरच्या जनावराचा घ्यावा, असं जुनी माणसं सांगत. पण गावची गुरं तलावापलीकडं चरायला गेली होती. घरच्या कोठ्यात दावणीला होती ती फक्त मुलाची, भुपेंद्रची जर्सी गाय. ती तणसाला तोंड लावत नसे. भुपेंद्र तिला पोत्यातली मक्याची भरड घाली. बाहेरदेशच्या, जीन बदललेल्या मक्याची, असं दुकानदारानं सांगितलं होतं.

यादोराव थोडे घुटमळले. मग त्यांनी जर्सीच्या जबड्यात हात घातला. पिवळा, ऊन घास हाती आला.

संध्याकाळी चांदी उठली, तणस खाल्लं आणि रवंथ करू लागली.

"पाहा बाबा, माह्या मक्यानंच वाचवली तुमची गाय," भुपेंद्र हसला.

"मक्यानं नाही, माह्या गुळानं!"

गावात गोष्ट पसरली. गावातल्या जीवनचा बैल आखडला, रवंथ करेना; जीवन चांदीचा घास मागून घेऊन गेला. मग शेजारच्या रेवताबाई आल्या. "तुमची चांदी डाक्टरीण झाली म्हणते जी! आमच्या गोरीलेबी द्या थोडी दवा." यादोरावांनी कोणाला नाही म्हटलं नाही. रेवताबाईंची गाय गोरी बरी झाल्यावर तिचाही घास दुसऱ्यांनी नेला.

एका दुपारी यादोराव कोठ्यात बसले असता त्यांच्या ध्यानात आलं. चांदी आणि जर्सी, दोन्ही गाईंचे जबडे एकाच बाजूला फिरत होते. एकदमच थांबत, एकदमच गिळत. दावणीच्या गुरांत असं होतही असेल, असं त्यांनी मनाला सांगितलं, आणि चांदीला नेऊन तलावाच्या पाळीवर, बांधावरच्या मोहाच्या झाडाखाली बांधलं.

तिथं चांदी रवंथ करता करता थांबली. मान खाली घातली. समोर कोरडी माती होती. तिचा गळा मात्र हलू लागला, घटाघट पाणी प्यावं तसा. कितीतरी वेळ.

ते तिला तिथंच ठेवून लगबगीनं घरी आले. भुपेंद्र जर्सीपुढची बादली उचलत होता.

"आताच पेली का?"

"हो. पूर्ण बादली. काहून?"

यादोरावांनी रिकामी बादली उलटी करून पाहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुरांच्या डॉक्टर मनालीबाईंना बोलावलं. बाईंनी चांदीच्या कुशीला नळी लावली. "पोट मस्त चालून राहिलं, काकाजी."

"त्या मक्यानं पोटातले जंतू बदलते का, बाई?"

"चारा बदलला की जंतू थोडेफार बदलतेच. पण त्या मक्यानं काही वेगळं होते, असं अजून तरी दिसलं नाही. भेऊ नका."

मग त्यांनी जर्सीला नळी लावली. कपाळाला आठी पडली. पुन्हा चांदीला लावली, पुन्हा जर्सीला, दोन्ही पोटांचा ठेका जुळवून पाहावा तशी.

"या दोघी मायलेकी होत का?"

"नाही, बाई. जर्सी तर लाखांदूरच्या बाजारातली."

बाईंनी नळी पिशवीत टाकली. चहाला थांबल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात यादोराव चांदीला घेऊन पुन्हा पाळीवर गेले. गावची सगळी गुरं सावलीत बसली होती. शेकडो दातांचा एकच आवाज येत होता, एकाच जात्याची घरघर असावी तसा.

तो थांबला.

तलावातला बगळा उडाला.

आवाज पुन्हा सुरू झाला.

चांदी तिथंच वेणांनी कण्हू लागली. यादोराव गुडघ्यांवर बसले. "राहू दे बाई, तुह्यं काही झालं तरी चालेल," ते तिच्या कानाशी पुटपुटले, "पण हे वासरू तरी तुह्यं असू दे." या वासरानं अजून जगातली काडीही चघळली नव्हती.

खुरं आली. मग ओलं, काळं नाक. वासरू मातीवर घसरलं आणि धापा टाकू लागलं. कालवड होती. यादोरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

जन्मलेल्या वासराचं तोंड चिकट्यानं भरलेलं असतं. ते काढायला त्यांनी दोन बोटं आत घातली.

बोटांना काहीतरी खरखरीत लागलं.

त्यांनी बाहेर काढून पाहिलं. पिवळा, ऊन, बारीक चघळलेला मका.

मागं सगळी गुरं गप्प झाली होती.

कालवडीनं अजून डोळे नीट उघडले नव्हते. तिनं थरथरती मान उचलली आणि यादोरावांच्या बोटांकडं तोंड पुढं केलं, आपला घास परत मागत.