रहिवासी दोन

"सर, तुम्ही परत गोठलात!" लॅपटॉपमधून एका विद्यार्थिनीचा आवाज आला आणि तोही मध्येच तुटला.

शिरीष खांबेटे पेन खाली ठेवून बसून राहिले. नाशिकच्या या नव्या वसाहतीतल्या घरांत इंटरनेटच्या तारा नव्हत्याच. सगळं भिंतीवरच्या पूर्ववेधी, म्हणजे पुढचं आधीच ताडणाऱ्या, राऊटरवर चालायचं. त्यांनी तो बंद करून पुन्हा चालू केला होता, चॅनेल बदललं होतं, लॅपटॉपचं सॉफ्टवेअर नव्याने घातलं होतं. आकाशवाणीच्या प्रक्षेपण केंद्रात सगळी नोकरी केलेल्या माणसाला घरातला बिघाड सापडत नव्हता. पत्नी माधवी वारल्यापासून संध्याकाळची ही ऑनलाइन शिकवणी तेवढी उरली होती. तीही आता धड होत नव्हती.

शेवटी त्यांनी ईश्वरीला बोलावलं. ती माधवीच्या बहिणीची मुलगी. असेच राऊटर बनवणाऱ्या कंपनीत संशोधक होती.

"चहा नंतर, काका. आधी पेशंट दाखवा," असं म्हणत तिने आपला टॅब राऊटरला जोडला. पडद्यावर घराचा नकाशा उमटला. त्यावर दोन रेघा हिंडत होत्या.

"या लहरछाया," ती म्हणाली. "माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी. राऊटरच्या लहरी पाण्यातून आरपार जात नाहीत, त्यामुळे माणसामागे त्यांची सावली पडते."

"हे मला नको शिकवूस. पुढे बोल."

"सावली पडल्यावर वाट बदलायला जावं तर तोवर जोडणी तुटते. म्हणून हा राऊटर घरातल्या माणसांच्या सवयी शिकतो. कोण कधी कुठून जातं, कसं चालतं. माणूस मध्ये यायच्या आधीच लहर दुसरीकडून वळवतो."

"पण आता कोणासाठी वळवतोय? घरात मी एकटा."

ईश्वरीने एका रेघेवर बोट ठेवलं. "रहिवासी एक तुम्ही," ती हळू म्हणाली. "आणि हा रहिवासी दोन."

फिकट निळी रेघ स्वयंपाकघरातून निघून खांबेट्यांच्या खुर्चीमागे येऊन थांबत होती. डाव्या पायावर जरा रेंगाळत. माधवीचा तो गुडघा.

"तुम्ही शिकवत असताना मावशी मागे येऊन उभी राहायची ना?"

"राहायची. 'एवढं सोपं कळत नाही होय त्या पोरांना?' असं म्हणायची. स्वतःला त्यातलं ओ की ठो कळलेलं नसायचं." ते हसले, आणि मग हसू आवरायला त्यांना वेळ लागला.

"ती येणार म्हणून राऊटर अजून लहर वळवतो. बेडरूममधल्या लोखंडी कपाटावर आपटवून."

"कपाट मी देऊन टाकलं. तिच्या साड्यांसकट."

"मग लहर भिंतीत जाते आणि विरते. तुमचा बिघाड हाच."

"ती नाही, हे त्याला दिसत नाही?"

"दिसतं. पण आजच्या दिसण्यापेक्षा तो आजवरच्या सवयीवर जास्त विसंबतो. ती न येण्याची नोंद रोज थोडी साठते. काही महिन्यांत ही रेघ आपोआप जाईल. नाहीतर मी आत्ता पुसते. एकच बटण आहे."

"हात लावू नकोस!"

ईश्वरी दचकली.

"याची प्रत काढून दे मला."

"निघत नाही. घरातली हालचाल घराबाहेर जाऊ नये म्हणून मुद्दाम तसं केलंय. ते करणाऱ्यांत मीच होते, काका."

"मग त्याचं शिकणं थांबव."

"शिकणं थांबलं तर तो चालतच नाही."

ईश्वरी गेल्यावर खांबेटे राऊटरकडे बघत बसले. माधवी अजून येईल असं मानणारं जगात एवढंच काहीतरी उरलं होतं, आणि तेही रोज थोडं थोडं विसरत होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते माधवीसारखे वावरू लागले. सकाळी गॅसपाशी, मग गॅलरीत कपडे वाळत घालायला, मग सोफ्याच्या टोकाशी भाजी निवडायला. डावा पाय ओढत. शिकवणी बंद केली. मुलांचे फोन आले, ते उचलले नाहीत. संध्याकाळी लॅपटॉपवर बातम्या लावून ते स्वयंपाकघरातून यायचे आणि आपल्याच रिकाम्या खुर्चीमागे उभे राहायचे. चित्र अडकायचं. राऊटर अजून तिच्यासाठी लहर वळवत होता.

"आलीस," ते म्हणायचे.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "पायाला काय झालं हो?"

"जुनंच दुखणं आहे," त्यांनी सांगितलं.

मग एका संध्याकाळी चित्र अडकलं नाही. ते परत आत गेले, परत आले, खुर्चीमागे उभे राहिले. निवेदिका बोलतच राहिली. त्यांनी फोन लावला.

"ईश्वरी, जोडणी सुधारलीय. लगेच ये."

दार उघडायला आलेल्या काकांची चाल बघून ती उंबऱ्यातच थांबली. "काका, पाय...?"

"आधी ते बघ."

तिने टॅब जोडला. नकाशावर एकच रेघ होती.

"तीच आहे ना?"

"हा रहिवासी तीन आहे."

"तीन कोण?"

"मावशीच्या वाटेने जातो, डावा पाय ओढतो. पण अंगाची रुंदी तुमची, पावलांमधलं अंतर तुमचं. हा वेगळाच कोणी आहे असं राऊटरने धरलं. त्याच्यासाठी लहर फ्रिजच्या दारावरून वळवायलाही शिकला. म्हणून आता काही तुटत नाही."

"आणि दोन?"

"तिच्या वाटांवरून रोज हाच चालत होता, काका. तिच्या खुणांवर याच्या खुणा चढत गेल्या." ती अडखळली. "तुमचा रहिवासी एक, तोही गेला. खुर्चीत कोणी बसलंच नाही ना."

खांबेटे खुर्चीत बसले. "मी काहीच केलं नसतं तर?"

ईश्वरी टॅबकडे बघू लागली.

"सांग ना गं."

"तर मावशी अजून असती. फिकट झाली असती, पण असती."

ते म्हणाले, "चहा टाकतो."

त्यांनी अजून खुर्ची सोडली नव्हती. तिच्या हातातल्या पडद्यावर मात्र रेघ निघाली, डाव्या पायावर रेंगाळत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. मग खांबेटे उठले आणि त्या रेघेमागून, तसाच पाय ओढत, आत गेले.