डिकीतला डबा

हे कुणाला सांगायचं नाही, असं मावशीने मला बजावलं आहे. "गिऱ्हाईक तुटेल, मौनीबाई," ती म्हणाली. मी फारसं बोलत नाही म्हणून तिने ठेवलेलं हे नाव. पण लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, असं मी धरून चालले आहे. शाळेला निघायला अजून थोडा वेळ आहे, आणि आज निघण्याआधी हे कागदावर उतरायला हवं.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. सासर सोडून आमच्याकडे आली तेव्हा तिच्याजवळ एक बॅग होती आणि गाडी चालवायचा परवाना. बांगड्या मोडून तिने एक जुनी गाडी घेतली. मुलांना शाळेत सोडायचं, कुणाला स्टेशनवर न्यायचं, असं काम करून ती स्वतःच्या पायावर उभी राहणार होती. "पायावर कुठली, चाकावर," ती म्हणायची. बाबांना हे पसंत नव्हतं. विकणाऱ्याने रविवारपर्यंत गाडी परत घ्यायचं कबूल केलं होतं, आणि गाडी गेली की मावशीनेही सासरी परत जायचं, हे घरात कुणी न बोलता सगळ्यांना माहीत होतं.

त्या गाडीच्या डिकीत आधीच्या मालकाचा एक मोठा लाकडी डबा होता. काळ्या गालिच्याने मढवलेला, वर वूफर, म्हणजे ढोलासारखा घुमणारा मोठा स्पीकर, बसवायचं गोल भोक. वूफर मात्र नव्हता. मावशीने तो नवा आणला आणि वायरी आम्ही दोघींनीच व्हिडिओ बघत मॅटखालून ओढल्या. गाणं लावलं. दारातले स्पीकर छान वाजले. वूफर नुसता कण्हला. उशीखाली कुणीतरी बोलावं, तसा.

"जिला एक डबा वाजवता येत नाही, ती गाडी काय चालवणार?" जेवताना बाबा म्हणाले.

मावशीने ताट बाजूला सारलं. "रविवारपर्यंत वाजला तर, भाऊजी?"

"तर ठेव गाडी. मी विषय काढणार नाही."

"तुम्ही दोघं लहान आहात का?" आई म्हणाली, पण तिने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. जा, मदत कर, असा त्याचा अर्थ.

शनिवारी दुपारी आम्ही इमारतीखालच्या गॅरेजमध्ये उतरलो. शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. आत ऑइलचा आणि थंड सिमेंटचा वास होता. आधी आवाज वाढवणाऱ्या अँप्लिफायरची अर्थची वायर पाहिली. ती गाडीच्या पत्र्यावर, रंगावरच कसली होती, म्हणून पत्रा घासून चकचकीत केला. फरक नाही. मग वूफर बाहेर काढून त्याच्या टोकांना पेन्सिल सेल लावला. त्याचा पडदा टुणकन बाहेर आला, म्हणजे वायरी उलट्या नव्हत्या. बाहेर ठेवून वाजवला तर पडदा बोटभर नाचत होता. डब्यात बसवला की गप्प.

"म्हणजे दोष डब्यात," मावशी म्हणाली. "आतली जागा कमी असली की हवा कडक होते. पडद्याला हलूच देत नाही."

मी टॉर्च मारून आत पाहिलं. डबा पूर्ण रिकामा होता. फळी नाही, खण नाही. टेपने बाहेरून मोजून मी हिशेब केला, जागा भरपूर निघाली.

"आतून मोजू," मावशी म्हणाली. त्याचीही एक रीत आहे. डब्यात दाणे ओतायचे आणि किती मावले ते बघायचं. माझी जुनी बीन बॅग फाडली आणि बादलीने तिच्यातले थर्मोकोलचे दाणे आत ओतू लागलो. सरसर आवाज येत होता. माझ्या हिशेबाच्या जेमतेम अर्धे दाणे गेले, आणि ते भोकाच्या काठाशी येऊन ठेपले.

"तू गणितात पास होतेस ना गं?"

मी भोकावर वाकले. टॉर्च आत धरली होती. दाणे काठापर्यंत आले होते, पण सगळीकडे नाही. मध्ये त्यांनी जागा सोडली होती. शेजारी शेजारी दोन गोल उंचवट्यांची जागा, त्यांच्यामागे एक वाकलेली लांबट पोकळी. तिच्या कडेचे दाणे खाली घसरत नव्हते. कशाला तरी टेकले होते.

"मावशी... ते गुडघे आहेत."

मावशीने वाकून पाहिलं. "थर्मोकोल चिकटतो एकमेकांना," ती म्हणाली आणि झाडूच्या दांड्याने सगळं ढवळून काढलं. दांडा कशालाच लागला नाही. दाणे विस्कटले... थांबले... आणि सावकाश, एकेक करून बाजूला सरकले. तीच पोकळी पुन्हा तयार झाली. गुडघे पोटाशी घेऊन, मान खाली घालून, कुणीतरी बसलं होतं. कडेचे दाणे किंचित वर यायचे... किंचित खाली जायचे...

मी एक पाऊल मागे सरले. मला वाटलं, मावशी आता शटरकडे धावेल आणि मीही तिच्यामागे. तिने बादली खाली ठेवली, पदर खोचला आणि डिकीच्या कडेला हात टेकून उभी राहिली.

"हे बघ," ती डब्याला म्हणाली, अगदी हळू. "तू कोण आहेस ते मला नको सांगूस. मी एकदा घर सोडून आलेय, आता गाडी सोडणार नाही. घाबरवून मला परत पाठवायचं असेल, तर त्या कामाला माझ्या सासरची माणसं पुरेशी आहेत." तिने कडेवर सांडलेले दाणे हाताने आत लोटले. "गाडीत बसायचं तर माणसासारखं सीटवर बसायचं. माझ्या डिकीत दडून बसलेलं मला चालणार नाही."

वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ बंद केला. मग डब्यात सर्रर्र झालं. दाणे एकदम खाली बसले. सगळीकडे सपाट, सारखे. गाडी मागच्या बाजूने जराशी उचलली गेली, जड माणूस उतरल्यावर उचलली जाते तशी. आणि मग पुढच्या बाजूने खाली बसली.

आता उरलेले दाणेही मावले. माझा हिशेब बरोबर होता.

डबा रिकामा करून वूफर बसवला आणि मावशीने आवाज वाढवला. माझ्या छातीत ठोके पडले. शटर थडथडलं. वरून बाबांची हाक आली, "पुरे, कळलं!" त्या रात्री त्यांनी विषय काढला नाही. रविवार आला आणि गेला. गाडी राहिली, मावशीही राहिली.

फक्त एक झालं. आमच्या गाडीत चालकाशेजारी कुणी पट्टा न लावता बसलं की समोर लाल दिवा लागतो. सोमवारी शाळेला जाताना मी भीतीने मागे बसले होते, पुढची सीट रिकामी होती, आणि दिवा लागला. मावशीने त्या सीटकडे न बघता गिअर टाकला. "पट्टा लावायचा," ती म्हणाली. "माझ्या गाडीत नियम म्हणजे नियम."

त्यानंतर रोज दिवा लागायचा. मी रोज मागे बसायचे.

काल तो लागला नाही. "बघ, गेलं," मावशी खूश होऊन म्हणाली. मी मागून वाकून पाहिलं. पुढच्या सीटचा पट्टा लावलेला होता. तो सीटला टेकलेला नव्हता. वीतभर पुढे, ताणून उभा होता, आणि सावकाश पुढे यायचा... मागे जायचा...

मी मावशीला काही सांगितलं नाही. ती त्या डब्यासमोर उभी राहू शकते, तर मलाही राहता आलं पाहिजे. रात्रभर मी वाक्य जुळवत होते. ती जागा माझी आहे. गाडी घेतली त्या दिवशी मावशीने पहिलं मला तिथे बसवलं होतं.

खाली हॉर्न वाजतोय. "मौनीबाई, आटप गं, उशीर होतोय," मावशी हाक मारतेय. आले, असं मी खिडकीतून ओरडले, इतक्या मोठ्याने की आई चमकून बघायला आली. आज मी पुढचं दार उघडणार आहे, आणि तो पट्टा स्वतःच्या हाताने सोडवून तिथे बसलेल्याला सांगणार आहे, की ही जागा माझी आहे, तू मागे बस.