आरोहीचा न हसणारा फोटो

मला खरं तर समोरच्या स्टुडिओत जायचं होतं. पण त्याच्या शटरवर 'साखरपुड्यानिमित्त आज बंद' असा कागद होता आणि आरोहीला जोराची शू लागली होती. म्हणून आम्ही रस्ता ओलांडून 'रावजी फोटो'मध्ये शिरलो. तिथला फोटोग्राफर गोरक्ष माझ्याशी बोलला ते पहिलं वाक्य असं होतं, "डावीकडे. दिव्याचं बटण बाहेर आहे."

प्रेमकथा अशाही सुरू होतात.

आरोही माझ्या दादाची मुलगी, सहा वर्षांची. दादा-वहिनी कॅनडाला गेले तेव्हा ती तीनची होती. त्यांचा जम बसेपर्यंत ती नाशिकरोडला माझ्याकडे राहिली. आता त्यांना तिथे कायम राहायचा परवाना मिळाला होता आणि आरोहीसाठी तसाच अर्ज करायचा होता. बाकी सगळे कागद झाले होते. फक्त फोटो राहिला होता.

मी गोरक्षला नियम वाचून दाखवले. पन्नास बाय सत्तर मिलिमीटर, चेहरा सरळ, हसू नको, मागे नाव, स्टुडिओचा पत्ता आणि तारीख. सिन्नरच्या एमआयडीसीत मी माल तपासते, खोट काढायचाच मला पगार मिळतो.

"हसायचं नाही," तो आरोहीला गंभीरपणे म्हणाला.

झालं! पुढचे दोन दात पडलेली आमची पोरगी फिस्सकन हसली. मग तोही हसला. त्याच्या डाव्या गालाला खळी पडते, हे मी उगाचच पाहून ठेवलं.

एकविसाव्या प्रयत्नात फोटो मिळाला. घरी येऊन मी पट्टी लावली आणि मला हनुवटीखाली सावली सापडली. पुढच्या शनिवारच्या फोटोत स्वेटरची कॉलर वर आली होती. त्याच्या पुढच्या शनिवारी एक कान नीट दिसत नव्हता. गोरक्ष निमूटपणे नवा फोटो काढायचा, चहा मागवायचा. माझा बिनसाखरेचा, हे तिसऱ्या खेपेला त्याला सांगावंही लागलं नाही. दादाने फोनवर विचारलं की मी म्हणायचे, फोटोवाला जरा यथातथाच आहे.

चौथ्या शनिवारी त्याने कॅमेरा उचललाच नाही. तिन्ही फोटो टेबलावर मांडले आणि पट्टी माझ्यापुढे सरकवली.

"मोजा."

मी पट्टीला हात लावला नाही.

"तिन्ही चालतात, मॅडम. तुम्ही पाठवलेच नाहीत ना?"

आरोही आत पडद्याशी खेळत होती. मला एकदम रडू आलं. "फोटो गेला की ती जाणार," मी म्हणाले. "मग संध्याकाळी घरी येऊन मी बोलू कोणाशी?"

त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. मग हळूच म्हणाला, "तिची आई तीन वर्षं तिला फोनवरच बघतेय..."

मला त्याचा राग आला. त्याचं बरोबर होतं, म्हणून जास्तच आला. पण त्याच्याच कॉम्प्युटरवर मी पहिला फोटो दोन्ही बाजूंनी स्कॅन करून दादाला पाठवून दिला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "समोरचा स्टुडिओ दुसऱ्याच दिवशी उघडला होता. माझे फोटो एवढे वाईट होते, तर तिकडे का नाही गेलात?"

"त्यांच्याकडे... बिनसाखरेचा चहा मिळत नसेल," मी डोळे पुसत म्हणाले. "आणि तुम्ही? फोटो बरोबर आहेत हे माहीत असून इतके दिवस गप्प का?"

"शनिवार यावा म्हणून," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

ऑक्टोबरात आरोही गेली. विमानतळावर तिने मला दोनदा मिठी मारली, एक माझ्यासाठी आणि एक 'फोटोवाल्या काकांना द्यायची' म्हणून. ती निरोपाची मिठी मी पोचवणार कशी, हे काही तिने सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी घर मला खायला उठलं, म्हणून मी एकटीच 'रावजी फोटो'त गेले. गोरक्षने मला आरोहीच्या स्टुलावर बसवलं, दिवे लावले आणि कॅमेऱ्यामागून म्हणाला, "हसायचं नाही."

आठवड्यात पहिल्यांदा मी हसले, अगदी दात दिसेपर्यंत. त्याने नेमका तोच फोटो छापला, उलटा केला आणि पेन उघडलं.

"नाव, हर्षाली. पत्ता... स्टुडिओचाच लिहू?"

"नको," मी म्हणाले. "तुमच्या घरचा लिहा."

पेन त्याच्या हातात तसंच राहिलं. मग मीच ते काढून घेतलं आणि पिनकोड विचारला.