झेंड्याखालचा माणूस

अहमदपूरच्या बसस्टँडवर दीपमालाच्या गावाकडं, मुखेडला जाणारी गाडी लागली होती. जाता जाता साफ करायला दिलेला जुना फोटो घ्यावा म्हणून ती समोरच्या स्टुडिओत शिरली. काउंटरवरच्या तरुणानं पाकीट पुढे केलं. तिनं ते उघडलं... आणि जागीच थांबली.

समुद्र होता, किल्ल्याची तटबंदी होती. पण बुरुजावरची झेंड्याची उंच काठी गायब होती. काठी कुठं गेली, असं तिनं विचारलं.

"ती रेघ होय?" तो चाचरत म्हणाला. "मला वाटलं ओरखडा हाय. साफ केला."

काठीबरोबर तिच्या बुडाशी उभा असलेला माणूसही पुसला गेला होता. तो दीपमालाचा पणजोबा, ग्यानोबा. इंग्रजांच्या काळात गाव सोडून, त्या दूरच्या किल्ल्यात झेंडा चढवायच्या कामाला लागलेला. त्याचा दुसरा फोटो घरात नव्हता. वडील, शेषेराव, हाच मोठा करून नव्या घरात लावणार होते.

ती रागावणारच होती, पण सुगत नावाचा तो तरुण इतका कानकोंडा झाला, की तिलाच कसंतरी वाटलं. मूळ फोटो शाबूत होता. ह्या वेळी शेजारी बसून तुम्हीच सांगा, काय ठेवायचं अन् काय पुसायचं, असं तो विनवू लागला. मुखेडची गाडी निघून गेली.

सोमवारपासून अहमदपुरातल्या बँकेतलं तिचं काम सुटलं की ती रोज स्टुडिओत जाऊ लागली. समुद्र दोघांनीही पाहिलेला नव्हता. लाट कुठली अन् डाग कुठला, यावर वाद रंगायचे. बोट दाखवताना हाताला हात लागला, की दोघंही एकदम संगणकाच्या पडद्यावरच्या पाण्याकडे बघायची...

शुक्रवारी तिनं सांगून टाकलं. रविवारी तिला बघायला लातूरहून पाहुणे येणार होते; फोटो आजच हवा.

सुगतचा माऊस थांबला. मग त्यानं कपाटातून काचेची फ्रेम काढली. काठी ताठ उभी होती आणि खाली दोरी धरलेला ग्यानोबा स्पष्ट दिसत होता.

"मंगळवारीच झाला होता," तो मान खाली घालून म्हणाला. "दिला असता तर तुम्ही परत आल्या नसत्या."

"मग मी इतके दिवस इथं काय बघत होते?"

"लाटा..."

"न्हाई," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे बघत राहिली. ह्या वेळी त्यानंही नजर वळवली नाही.

तिनं तिथूनच वडिलांना फोन लावला. पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगा, म्हणाली.  शेषेरावांनी मुलगा कोण ते विचारलं. तिनं सगळं सांगितलं — नाव, गाव देवणी, फोटोचा धंदा... आणि पणजोबा पुसल्याचंसुद्धा.

"माझ्या आज्याला पुसलं त्यानं?"

"परत काढलं बी, बाबा."

 शेषेराव काहीतरी बोलले आणि त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणले?" सुगतनं विचारलं.

"उद्या त्याला संगं घेऊन ये म्हणले," दीपमाला ओठ दाबून हसू आवरत म्हणाली. "फ्रेम त्यालाच धरायला लाव. मुखेडपस्तोर काच फुटली न्हाई पायजे."